गंगापूरच्या पाण्यावर बिनधुराची होडी

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका जलाशयावर आम्ही नववीच्या मुलांची सहल घेऊन गेलो होतो. आठ-आठ मुलांच्या तुकड्या करून मोटारहोडीतून फेरी मारायची, असा बेत होता. पहिली तुकडी परत आली तेव्हा एका मुलीने काठाजवळच्या पाण्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, इथे इंद्रधनुष्य कशाचे पडले आहे?" पाण्यावर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे हलत होते. मुलांना ते फार आवडले. आम्हाला मात्र ते पाहून फारसा आनंद झाला नाही, कारण ते तेल होते. होडीच्या इंजिनातून आलेले.

त्या मुलीला आम्ही जे उत्तर दिले, ते शाळेत परतल्यावर फळ्यावर हिशोब करून पुरे केले. तेलाचा तवंग इतका पातळ असतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतात. असे रंग दिसायला तवंगाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असावी लागते. ती ०.३ मायक्रॉन धरा. एक मिलिलिटर तेल एवढ्या जाडीने पसरले तर सुमारे ३ चौरस मीटर पाणी झाकते. एक लिटर तेल ३,००० चौरस मीटरांहून अधिक पाणी झाकेल, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाचा जवळजवळ अर्धा भाग. पाण्यात सांडलेले थोडेसे तेल 'थोडे' का नसते, हे यावरून कळते.

आता नाशिककरांच्या दृष्टीने हा प्रश्न किती जवळचा आहे ते पाहा. शहराच्या पश्चिमेला गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण आहे. १९६५ साली ते पुरे झाले. त्याचा उपयुक्त साठा आज ५,६३० दशलक्ष घनफूट धरतात. नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग येथूनच येतो. याच जलाशयाच्या काठावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला. सुट्टीच्या दिवशी माणसांनी पाण्यावर जावे, मुलांनी वारा खावा, यात गैर काहीच नाही. पण ज्या पाण्यावर आपण मौजेसाठी होडी हाकतो, तेच पाणी शुद्धीकरण केंद्रातून आपल्या माठात येते. तेव्हा होडी कशावर चालावी, हा प्रश्न इथे शोभेचा राहत नाही.

प्रथम इंजिनांविषयी. होडीच्या मागे टांगतात ती लहान इंजिने पुष्कळ वर्षे दुघाती पद्धतीची होती. जुन्या स्कूटरचे इंजिन ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना ही रचना माहीत असेल. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, आणि जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नव्याने आत येणाऱ्या मिश्रणाकडून करून घ्यायचे. ही ढकलाढकल चालू असताना थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर निसटते. कार्बुरेटर असलेल्या जुन्या दुघाती इंजिनांत असे निसटणारे इंधन पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त भरते. स्कूटरवर ते हवेत जाते. होडीच्या इंजिनाचे धुराडे आवाज कमी व्हावा म्हणून पाण्याखाली सोडलेले असते, त्यामुळे ते सरळ पाण्यात जाते. काही भाग बुडबुड्यांतून वर येऊन उडून जातो, उरलेला पाण्यातच राहतो. दिवसाला आठ लिटर पेट्रोल पिणारी अशी एक होडी धरली, तर दोन लिटर इंधन न जळता बाहेर पडले. वरचा तवंगाचा हिशोब आता पुन्हा एकदा वाचावा. अमेरिकेतल्या ताहो या नितळ पाण्याच्या सरोवरावर अशा इंजिनांना १९९९ सालापासून बंदी घातली गेली, ती याच कारणाने. चौघाती इंजिने पुष्कळच बरी, कारण त्यांचे वंगण वेगळे राहते. पण तीही गळतात, त्यांचेही तेल बदलावे लागते, आणि पेट्रोल भरताना डबा लवंडायचा तो लवंडतोच.

यावर विजेची होडी हा उपाय नवा नाही. तो पेट्रोलच्या होडीहून जुना आहे, हे आमच्या अनेक विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. मॉरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विजेच्या मोटारीने होडी चालवून दाखवली. त्याची वीज घटमालेतून येत असे, आणि त्या घटांतले जस्त खर्ची पडे. कोळसा जाळण्याऐवजी जस्त जाळण्याचाच तो प्रकार, म्हणून फार महाग. पुन्हा भारित करता येणारी शिशाची बॅटरी प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली आणि मग चित्र पालटले. १८८१ साली पॅरिसमध्ये ट्रूव्हे याने सीन नदीवर विजेची होडी चालवली. तिची मोटार आणि पंखा सुकाणूवरच बसवलेले होते, सबंध संच उचलून बाजूला काढता येई. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पन्नासाहून अधिक विजेच्या होड्यांनी प्रेक्षकांना सरोवरातून फिरवून आणले. पुढे १९०९ साली अमेरिकेत एव्हिन्रूड याची होडीच्या मागे टांगायची पेट्रोल मोटार बाजारात आली. तिने हे सर्व मागे टाकले. मात्र त्याच १९०९ साली जर्मनीत बव्हेरियातल्या क्योनिग्झे या डोंगरी सरोवरावर प्रवाशांसाठी विजेच्या होड्या सुरू झाल्या, आणि तिथे त्या आजही चालतात. पाणी स्वच्छ राहावे आणि डोंगरातली शांतता मोडू नये, एवढाच हेतू. शंभराहून अधिक वर्षे चाललेला हा प्रयोग आहे. तेव्हा विजेच्या होड्यांचे 'अजून प्रयोग चालू आहेत', असे कुणी म्हटले तर त्याला क्योनिग्झेचे नाव सांगावे.

मग सगळीकडेच असे का झाले नाही? याचे उत्तर होडीला लागणाऱ्या शक्तीत आणि बॅटरीच्या वजनात आहे. हिशोब करून पाहू. आकडे अंदाजी आहेत, पण सातवी-आठवीपासूनच्या गणिताने पडताळता येण्यासारखे आहेत.

सहा मीटर लांबीची, आठ प्रवासी आणि एक नावाडी बसेल अशी होडी घ्या. ती ताशी ८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर, शांत पाण्यावरून जात आहे. अशा होडीला दोर बांधून त्याच वेगाने ओढायचे झाल्यास साधारण ४०० न्यूटन बल लागेल, ४० किलोचे पोते उचलून धरण्याइतके. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ४०० गुणिले २.२ म्हणजे ८८० वॅट. पण पंखा काही दोर नव्हे. तो पाण्यात फिरताना निम्मी शक्ती पाणी घुसळण्यात घालवतो. म्हणून पंख्याच्या दांड्यावर १,७६० वॅट द्यावे लागतात. मोटारीतली घट धरली तर बॅटरीतून २ किलोवॅट काढावे लागतील. पाव तासाच्या एका फेरीला अर्धे युनिट. दिवसात वीस फेऱ्या म्हणजे पाच तास आणि १० युनिट. 

ही दहा युनिटे शिशाच्या बॅटरीत साठवायची तर ती कधीही निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, नाही तर लवकर मरते. म्हणून २० युनिटांची बॅटरी लागेल. किलोला ३५ वॅट-तास या हिशोबाने तिचे वजन ५७० किलो होते. आठ प्रवाशांचे वजन ५२० किलो धरले, तर प्रवाशांपेक्षा बॅटरी जड! हीच विसाव्या शतकातली अडचण होती. आज लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी मिळते. ती ऐंशी टक्के रिकामी केलेली चालते, आणि आवरणासकट किलोला सुमारे १२० वॅट-तास धरते. मग १२.५ युनिटांची बॅटरी पुरते, आणि तिचे वजन सुमारे १०५ किलो भरते. म्हणजे दीड-दोन माणसांचे. होडीच्या तळाशी मधोमध ठेवली तर नाव उलट अधिक स्थिर होते, हा वरचा फायदा.

याच कामाला पेट्रोल किती लागेल? दांड्यावर १.७६ किलोवॅट पाच तास म्हणजे ८.८ युनिट. लहान इंजिन अर्ध्याकच्च्या भारावर चालताना इंधनातल्या उष्णतेपैकी सतरा टक्क्यांच्या आसपास कामी आणते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. त्यावरून चांगल्या चौघाती इंजिनालाही दिवसाला सुमारे ६ लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला आहे, म्हणजे सहाशेहून अधिक रुपये. विजेच्या बाबतीत बॅटरी भरतानाची घट धरून साडेअकरा युनिटांचे बिल येईल. ते आजच्या व्यावसायिक दरानेही दीडशे-दोनशे रुपयांच्या पुढे जाणार नाही. खर्च वाचतो तो रोज. बॅटरीची किंमत मात्र आधी एकदम मोजावी लागते, आणि होडीवाला नेमका तिथे अडतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट. विजेची होडी 'प्रदूषणमुक्त' असे फलकावर लिहिणे सोपे आहे. आपल्याकडची वीज कुठून येते? नाशिकरोडपलीकडे एकलहऱ्याला जाऊन औष्णिक केंद्राच्या धुराड्यांकडे मान वर करून पाहावे. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि इंधन कोळसा. देशातल्या विजेच्या सरासरी एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या साडेअकरा युनिटांमागे ८ किलो होतो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो, म्हणजे सहा लिटरमागे जवळजवळ १४ किलो. बचत आहे, पण निम्म्याहून कमीच. खरा आणि पुरा फायदा आहे तो पाण्याला. जलाशयात एक थेंबही इंधन जात नाही. ज्याला पिण्याच्या पाण्याची चिंता आहे, त्याने हवेचा हिशोब आणि पाण्याचा हिशोब वेगवेगळे मांडावेत.

कोळशावाचून चालवायचे असेल तर होडीचे छप्पर आहेच. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छपरावर १२ चौरस मीटर जागा मिळते. सध्याच्या सौर पट्ट्या चौरस मीटरला २०० वॅट देतात. म्हणजे २.४ किलोवॅट. नाशिकसारख्या ठिकाणी निरभ्र दिवशी किलोवॅटमागे ४ युनिट धरायला हरकत नाही. साडेनऊ युनिट झाली! आपल्याला हवी होती दहा. हा आकडा जमून आला तेव्हा आम्हालाही गंमत वाटली. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते, आणि धरण भरल्यावर लोकांची गर्दी नेमकी तेव्हाच होते, म्हणून किनाऱ्यावरच्या विजेची जोड ठेवावीच लागेल. केरळात हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे. वेंबनाड सरोवरावर वैकम ते तवनक्कडवू या मार्गावर 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर नौका जानेवारी २०१७ पासून धावू लागली. तिच्या छपरावर २० किलोवॅटच्या पट्ट्या आहेत. दोन अरुंद नावा शेजारी-शेजारी जोडून वर एक डेक टाकावा, अशी तिची बांधणी आहे. छपराला भरपूर रुंदी मिळते आणि पाण्याचा अडथळाही कमी होतो. कोचीत २०२३ च्या एप्रिलमध्ये 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. तिच्या नौकाही बॅटरीवर चालतात.

हे सारे हळू चालणाऱ्या होडीविषयी झाले. आमचा आग्रह असा, की वेगाचा प्रश्न मुलांनी नीट समजून घ्यावा, कारण विजेच्या होडीचे सगळे यशापयश त्यात आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ती आठपट! उलट बाजूने पाहा. नावाड्याने वेग आठवरून साडेसहावर आणला, तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. बॅटरी दुप्पट वेळ पुरते. पेट्रोलच्या होडीलाही हाच नियम लागू आहे. पण डबा भरून घेणे सोपे असल्याने तिथे त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

वर्गात हे करून दाखवता येते. छपराला लावतात तसली दोन-अडीच मीटर लांबीची प्लास्टिकची पन्हळ घ्या, दोन्ही टोके बंद करून पाण्याने भरा. लाकडाच्या ठोकळ्याला पुढून निमुळता आकार देऊन होडी करा. तिच्या नाकाला दोरा बांधा, तो टोकाशी बसवलेल्या हलक्या कप्पीवरून खाली सोडा आणि दोऱ्याला वजन म्हणून लोखंडी वायसर अडकवा. सुरुवातीचे अर्धा मीटर अंतर सोडून द्या, कारण तिथे होडी वेग घेत असते. पुढचे एक मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक वायसर, मग दोन, मग चार. मुलांचा अंदाज असतो की दोन वायसरांनी वेग दुप्पट होईल. तो होत नाही. दुप्पट व्हायला चार लागतात, आणि कप्पीचे घर्षण आडवे आले तर चाराहूनही थोडे अधिक. इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड याने १८७० च्या दशकात टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात मेणाच्या होड्या ओढल्या आणि जहाजबांधणीचे शास्त्र घडवले. आपली पन्हळ ही त्याच हौदाची गरीब बहीण.

वर्गाचा हा नियमही एका मर्यादेपर्यंतच चालतो. होडी पुढे जाताना नाकाशी लाट उठवते. वेग वाढला की लाटेची लांबीही वाढते, आणि ती होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग काढायला तरंगलांबीला गुरुत्वत्वरणाने गुणून ६.२८ ने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. सहा मीटरसाठी उत्तर येते सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. याच्यापुढे जायचे तर होडीला लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जावे लागते, आणि त्याला भरमसाट शक्ती लागते. वेगबोटीला ४० अश्वशक्तीचे इंजिन असते ते यासाठी. चाळीस अश्वशक्ती म्हणजे ३० किलोवॅट, आपल्या संथ होडीच्या पंधरापट. तासभर पूर्ण जोराने पळवायला सुमारे १० किलो पेट्रोल पुरते. लिथियम बॅटरी तीनशे किलोंची लागेल. पाण्यावरची स्कूटर आणि वेगबोट यांच्याबाबतीत विजेला आजही धाप लागते ती इथे. परदेशात पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या विजेच्या वेगबोटी निघाल्या आहेत, पण त्यांची किंमत आपल्या कामाची नाही. आमचे मत विचाराल तर पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात वेगबोटी नसल्याने कुणाचे काही अडत नाही. संथ होडीतून पाणी नीट दिसते, पक्षीही उडून जात नाहीत.

पंख्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण विजेच्या मोटारीचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही. होडी पुढे जाते ती पाणी मागे ढकलून. ४०० न्यूटनांचा रेटा मिळवायला सेकंदाला ४० किलो पाणी १० मीटर वेगाने मागे फेकता येईल, किंवा ४०० किलो पाणी १ मीटर वेगाने. संवेग दोन्हीकडे सारखाच. गतिज ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येते. पहिल्या रीतीत सेकंदाला २,००० ज्यूल पाण्यात वाया जातात, दुसऱ्या रीतीत फक्त २००. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणे केव्हाही किफायतीचे. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास खुलते. दातेचाकांनी ते कमी केले तरी पंखा लहान आणि जलदच राहतो. विजेची मोटार अगदी सुरुवातीपासून पुरा पीळ देते, त्यामुळे तिला मोठा, संथ पंखा सहज जोडता येतो.

या गुणाची ओळख नाशिक जिल्ह्याला फार आधीपासून आहे. कसाऱ्याच्या घाटातून इगतपुरीपर्यंतची रेल्वे १९३० साली विजेवर आली. तिथे १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी जी इंजिने होती, ती घाट उतरताना मोटारींचाच जनित्रासारखा उपयोग करून वीज तारेत परत पाठवत. आज विजेच्या मोटारगाडीच्या जाहिरातीत ब्रेक लावताना बॅटरी भरते असे सांगतात, ते हेच. होडीला मात्र ही सोय नाही. रस्त्यावरची गाडी एकदा वेग घेतला की सपाटीवर थोड्या शक्तीत धावते, आणि उतारावर काही परतही मिळते. होडी थांबताना तिची ऊर्जा पाणीच खाऊन टाकते. होडीचे सपाट पाण्यावर जाणे म्हणजे गाडीचे सतत घाट चढणे होय.

ही उपमा आम्ही मोजून पाहिली, आणि त्यासाठी माथेरान आठवले. माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून २००३ साली अधिसूचित केले गेले आणि तिथे मोटारींना मज्जाव आहे. घोडे आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा हीच वाहने होती. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. हातरिक्षा ओढणारे ९४ परवानाधारक होते. माणसाने माणसाला ओढणे सहा महिन्यांत बंद करावे, असा आदेश न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तर हिशोब असा. प्रवाशांसह ७०० किलोची रिक्षा, दहास एक असा चढ, ताशी १० किलोमीटर वेग. चढावर ७०० न्यूटनांच्या आसपास बल, सेकंदाला २.८ मीटर. गुणाकार येतो सुमारे २ किलोवॅट. म्हणजे आठ प्रवासी घेऊन शांत पाण्यावर चाललेली होडी आणि माथेरानचा चढ चढणारी रिक्षा यांचे श्रम जवळपास सारखे. फरक एवढाच, की रिक्षाचा चढ काही मिनिटांत संपतो. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाचा विचार येथे सुटत नाही. निरोगी माणूस तासन्‌तास काम करताना जेमतेम ७५ वॅट देऊ शकतो. एका हातरिक्षाला एकाहून अधिक माणसे का लागत आणि ती चढाला का थांबत, हे त्या आकड्यात आहे.

आता विजेखेरीज इतर इंधनांकडे वळू. नाशिकच्या रस्त्यांवर २०२१ च्या जुलैत 'सिटीलिंक' बससेवा सुरू झाली, तिच्या बहुतेक बसगाड्या दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर चालतात. हाच वायू वाराणसीत गंगेवरच्या होड्यांना दिला गेला. २०२१ पासून तिथल्या शेकडो डिझेल होड्यांची इंजिने बदलण्यात आली आणि नमो घाटावर तरंगते भरणा केंद्र उभे राहिले. वायू गळला तर पाण्यात मिसळत नाही, वर उडून जातो, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो सुमारे २०० पट वातावरणीय दाबाने पोलादी नळकांड्यांत भरावा लागतो, आणि इंजिनाचे वंगण होडीत राहतेच. त्याच वाराणसीसाठी कोचीन शिपयार्डने हायड्रोजन इंधनघटावर चालणारी ५० प्रवाशांची नौका २०२४ मध्ये तयार केली. इंधनघटातून बाहेर पडते ते फक्त पाणी. पण हायड्रोजन स्वस्तात आणि कोळशावाचून कसा मिळवायचा हा प्रश्न होडीच्या आधी सुटायला हवा.

इथेनॉलचे नाव ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात निघणारच. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आता देशभर मिसळले जाते. रस्त्यावर त्याचे जे काही बरेवाईट असेल ते असो, होडीवर त्याची एक खास खोड आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. होडीची टाकी बारमाही दमट हवेत श्वास घेत असते, आणि बिगरहंगामात महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली पडून राहते. शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच निघते! मग होडी ऐन मध्यावर बंद पडते, वर टाकीत गंज चढतो तो वेगळाच. (हे वर्गात करून दाखवण्याचा मोह टाळावा. पेट्रोल वर्गात आणू नये.)

विजेच्या होडीच्याही अडचणी आहेत, आणि त्या मोटारीत नसून काठावर आहेत. बॅटरी पाण्यात भिजणार नाही अशा बंद पेटीत हवी, आणि प्रत्येक घटाचे तापमान व दाब पाहणारे मंडल त्यावर हवे. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, त्याला वर वाट द्यावी लागते. ओल्या धक्क्यावर २३० व्होल्टची तार आणणे हे तर खरोखर जपून करायचे काम आहे. जमिनीकडे गळणारा थोडासा प्रवाहही ओळखून तात्काळ वीज तोडणारे साधन तिथे नसेल, तर भारण केंद्र उघडूच नये.

गंगापूरसारख्या धरणात याहून एक वेगळी अडचण येते, ती केरळातल्या सरोवरावर येत नाही. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो तेव्हा पाणी एका पायरीला लागते. मे महिन्यात तेच कित्येक मीटर खाली आणि काठापासून लांब गेलेले असते, मध्ये नुसता चिखल. आज जिथे भारणाचा खांब पुरला, तिथून चार महिन्यांनी होडी बरीच लांब राहील. तेव्हा धक्का तरंगता हवा, पाण्याबरोबर खाली-वर होणारा, आणि त्याच्याबरोबर सरकत जाईल अशी तार हवी. किंवा तार नकोच म्हणून तरंगत्या धक्क्याच्याच छपरावर सौर पट्ट्या बसवून तिथेच एक मोठी बॅटरी ठेवायची, आणि होड्यांनी दुपारच्या विश्रांतीत तिच्यावरून भरून घ्यायचे. तीन होड्यांसाठी दिवसाला तीस युनिट. चार युनिटांचा जुना हिशोब धरला तर साडेसात किलोवॅटच्या पट्ट्या, म्हणजे चाळीस चौरस मीटरांहून थोडी कमी जागा. शाळेची एक वर्गखोली साधारण तेवढीच असते.